उन्हाची वर्दी पेशीच्या आत

मागच्या उन्हाळ्याच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "आम्ही लहानपणापासून उन्हात राबतोय, अंगाला सवय झालीये. मग मध्येच एखाद्या दिवशी चक्कर का येते?" चक्कर ही घामाची आणि रक्तदाबाची गोष्ट, ती तेव्हाच सांगितली. पण 'सवय' म्हणजे नेमकं काय आणि ती कुठे संपते, हे माझ्या डोक्यात राहिलं. त्याचं थोडं उत्तर एका कृमीकडे आहे.

हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब. शास्त्रीय नाव सीनोरॅब्डायटिस एलेगन्स. जिभेला अवघडच आहे, आपण नुसतं कृमी म्हणू. जंतांच्या कुळातला, पण निरुपद्रवी. कुजक्या पानाफळांत राहतो, जिवाणू खातो. सिडनी ब्रेनर यांनी १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये त्याला प्रयोगासाठी निवडलं. त्याच्या शरीरात, बीजपेशी सोडून, मोजून ९५९ पेशी असतात आणि अंग काचेसारखं पारदर्शक. पुढे १९९४मध्ये मार्टिन चाल्फी यांनी जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन या कृमीत चमकवून दाखवलं. तेव्हापासून हव्या त्या प्रथिनाला हा हिरवा दिवा जोडायचा आणि जिवंत कृमीत ते कुठे जातं ते बघायचं, अशी सोय झाली.

आता पेशी म्हणजे एक वाडा समजा. मधल्या खोलीत, म्हणजे केंद्रकात, सगळ्या जनुकांचं दप्तर. त्या खोलीच्या भिंतीला बारीक दारं असतात. लहानसहान रेणू तसेच आत जातात, मोठ्या प्रथिनाला मात्र ओळखीची खूण लागते आणि आत नेणारं वाहक प्रथिन लागतं.

डॅफ-१६ नावाचं प्रथिन एरवी या खोलीबाहेर असतं. त्याच्यावर फॉस्फेटच्या खुणा असतात आणि दुसरी प्रथिनं त्याला धरून ठेवतात. २० अंश सेल्सिअसला सुखात असलेला कृमी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर हिरवा रंग पेशीभर विखुरलेला दिसतो. त्याला ३५ अंशांच्या आसपास ठेवलं की तो रंग केंद्रकांत गोळा होतो आणि अंगभर हिरवे ठिपके दिसू लागतात. उन्हाची वर्दी आत पोचली! पुन्हा गारव्यात आणलं की प्रथिन हळूहळू बाहेर येतं.

आत जाऊन ते काय करतं? बचावाची जनुकं चालू करतं. एचएसएफ-१ नावाचं आणखी एक प्रथिन उष्णतेत हेच काम करतं. अंडं उकडलं की आतला पातळ पांढरा भाग घट्ट होतो ना, कारण त्यातल्या प्रथिनांच्या घड्या मोडतात आणि ती एकमेकांत अडकतात. जिवंत पेशीतही जास्त उष्णतेत तेच व्हायला लागतं. तेव्हा नव्यानं तयार झालेली हीट शॉक प्रथिनं मोडलेल्या घड्या सावरतात, विसकटलेल्या साड्या पुन्हा घडी करून ठेवाव्यात तशा. थोडा वेळ सोसलेल्या उष्णतेनंतर कृमी पुढची मोठी उष्णता जास्त तग धरून सोसतो. ही त्याची सवय. उष्णता फार वेळ राहिली, तर मात्र मरतो.

मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. जॉन लॅबाडिया आणि रिचर्ड मोरिमोटो यांनी २०१५मध्ये दाखवलं, की कृमी प्रौढ होऊन अंडी द्यायला लागतो, त्याच सुमारास हा बचाव एकदम ढेपाळतो. अजून म्हातारपण कुठंच नाही! एचएसएफ-१ जागेवर हजर असतं, पण बचावाच्या जनुकांभोवतीचं वेष्टण घट्ट झालेलं असतं, दप्तर उघडतच नाही. आणि तसा हुकूम बीजपेशींकडून येतो. त्या काढून टाकल्या तर बचाव टिकतो.

थांबा, लगेच "बघा, बाळंतपणानं बाई खचते" असं म्हणू नका. कृमी म्हणजे बाई नव्हे. डॅफ-१६चे भाऊबंद आणि एचएसएफ-१चा भाऊ आपल्या पेशींतही आहेत हे खरं, पण हा अंडी देतानाचा नियम माणसाला लागू होतो असं यातून ठरत नाही. मला एवढंच दिसतं, की सवय ही कायमची कमाई नसते. तिला दर वेळी आतून काहीतरी करावं लागतं, आणि ते दर वेळी तितकंच जमेल असं नाही.

हे मी त्या ताईंना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "म्हणजे कांदे काढायचे तर उन्हाच्या आत. पण बाई, मुकादमच मुळी नऊ वाजता येतो."

पुढच्या वेळी आम्ही मुकादमांनाच स्टुडिओत बोलावलंय.