उघड्यावरील लांकूड



कोकणांतील घराची पडवी, वाड्याचा सज्जा किंवा अंगणांतील बांक, हीं लांकडी कामें आषाढांतील झड आणि वैशाखांतील ऊन दोन्ही सोशीत असतात. तीं खराब दिसूं लागलीं, कीं आपण प्रथम रंगाचा डबा आणतों. आज मला एवढेंच सांगावयाचें आहे, कीं लांकडाचें खरें रक्षण कोरडेपणानें होतें. रंगाचें काम त्यानंतरचें.

लांकूड कुजवितें ती बुरशी, आणि लांकडांत शेंकडा २० हून अधिक ओल असल्यावांचून ती सहसा वाढत नाहीं. पाण्यांत पूर्ण बुडालेला खुंट हवेच्या अभावीं पुष्कळ काळ टिकतो; जमिनींत रोवलेला मात्र जमिनीलगत कुजतो, कारण तेथें ओल व हवा दोन्ही असतात. वाळवीही बहुधा जमिनींतूनच येते आणि मातीच्या नळ्या रचीत वर चढते.

म्हणूनच आपल्या जुन्या सुतारांनीं पडवीचा खांब मातींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभा केला. तळखडा उघडा असला, म्हणजे वाळवीची रेघ तत्काळ नजरेस येते. आज त्याभोंवतीं फरशी चढवून आपण ती सोय नाहींशी करतों आणि सागाच्या नांवावर निर्धास्त राहतों. वस्तुतः सागाची कीर्ति त्याच्या गाभ्याची आहे; सालीलगतचा फिकट भाग किडीस लवकर बळी पडतो.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेंत सोंती कामेशम् यांनीं १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व सोमल यांचें लांकूड टिकविणारें मिश्रण सिद्ध केलें. तें पुढें जगभर वापरलें गेलें. परंतु सोमलाच्या भीतीमुळें अमेरिकेंत घरगुती बांधकामासाठीं तें २००३ च्या अखेरीस बंद झालें. अशा लांकडाचे तुकडे चुलींत कदापि घालूं नयेत.

घरच्या घरीं इतकें करावें. पावसाळ्यापूर्वीं खांबाचा पाया व सांधे अणकुचीदार हत्यारानें टोंचून पाहावे. टोंक सहज रुतलें, तर आंत कूज आहे असें समजावें. सज्ज्याच्या फळ्यांमध्यें पाणी निघून जाण्यापुरती फट ठेवावी. कापलेलीं टोंकें सर्वांत अधिक पाणी शोषतात. त्यांना प्रथम तेल पाजावें. कोकणांत होड्यांना काजूच्या टरफलांचें तेल लावण्याची जुनी रीत आहे. तें येथेंही चालेल, मात्र तें अंगास लागल्यास फोड येतात. ओल्या लांकडावर रंग देऊं नये. ओल आंतच कोंडते.

आंतून पोकळ झालेला खांब बाहेरून सरळ उभाच दिसतो, आणि छपराचा भार त्याच्यावर असतो. तेव्हां मृगापूर्वीं एकदां तरी त्याच्या पायाशीं वांकून पाहावें, ही विनंति.