घोड्यांच्या वाटेने : पासाऊ ते व्हिएन्ना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्ञानेश्वरीवर आणि नाट्यसंगीतावर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. त्यांच्यामागून सायकलीवर बोलायला उभे राहणे म्हणजे पंगतीत श्रीखंडानंतर ताक वाढायला येण्यासारखे आहे. पण ताकासाठी वाटी पुढे करणारे कोणी ना कोणी असतातच. तेवढ्या भरवशावर मी हे धाडस करीत आहे.

विषय आहे डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारी एक वाट. जर्मनीच्या सरहद्दीवरील पासाऊ या गावापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथपर्यंत ती जाते. अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. तीर बदलत, गावांत डोकावत गेले तर थोडे अधिक. या वाटेच्या बहुतेक भागात मोटार नावाची वस्तू नाही. मी आणि माझी पत्नी दोघांनी आठ दिवसांत सायकलीवरून ती पार केली. परंतु प्रवासवर्णन करणे हा आजचा हेतू नाही. आपल्या वाङ्मयात ती पुष्कळ आहेत. अशी वाट मुळात निर्माण कशी झाली, आणि झाल्यावर टिकली कशी, हे मला आपणांपुढे मांडायचे आहे. सरकारी फायलींत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला रस्ता दिसला की त्याच्या सौंदर्याआधी त्याची मालकी कोणाची हा प्रश्न सुचतो. त्याला माझा इलाज नाही.

ही वाट सायकलींसाठी बांधलेलीच नाही. ती घोड्यांसाठी होती. आगबोटी येण्यापूर्वी डॅन्यूबवरील मालवाहतूक लाकडी होड्यांतून चाले. प्रवाहाबरोबर जाणे सोपे होते. कित्येक होड्या तर खाली पोहोचल्यावर मोडून त्यांचे लाकूड विकून टाकीत, कारण त्या परत वर आणण्याचा खर्च परवडत नसे. पण हंगेरीकडचे धान्य आणि मद्य वरच्या मुलखात न्यायचे तर प्रवाहाविरुद्ध जाणे भाग होते. तेव्हा एकामागे एक बांधलेल्या होड्यांना जाड दोर लावून काठावरून घोडे त्या ओढीत नेत. एका तांड्याला तीस-चाळीस, क्वचित त्याहूनही अधिक घोडे लागत. सर्वांत पुढे एक स्वार लांब काठीने पाण्याची खोली चाचपत जाई. कड्यामुळे एका तीराने पुढे जाणे अशक्य झाले की सगळे घोडे होड्यांत चढवून पलीकडे न्यायचे आणि पुन्हा दोर बांधायचे. या घोड्यांच्या वाटेला तिकडे ‘ट्रेपेलवेग’ म्हणतात. आपण तिला ओढवाट म्हणू.

आता या ओढवाटेच्या गरजा पाहा. ती पाण्याच्या अगदी कडेने गेली पाहिजे, नाहीतर दोर पुरायचा नाही. वाट आणि पाणी यांच्यामध्ये झाड, भिंत, कुंपण असता कामा नये, नाहीतर दोर अडकेल. आणि चढउतार नको, कारण घोड्यांच्या ओढीला आधीच नदीचा जोर विरुद्ध आहे. या तीन अटी पुऱ्या करणारी वाट सायकलस्वाराला नेमकी हवी तशी असते, हे निराळे सांगायला नको.

१८२९ साली डॅन्यूबवर आगबोटींची कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्या काही दशकांत घोड्यांचे काम संपले. वाट मात्र संपली नाही. सगळ्या गोष्टीचा मर्म इथे आहे, असे मला वाटते. घोडे गेल्यावर ती पट्टी लगतच्या जमीनमालकांना वाटून टाकता आली असती किंवा तिच्यावर हमरस्ता करता आला असता. काही ठिकाणी तो झालाही. पण बव्हंशी ती जलमार्गाची देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडेच राहिली. पाण्याची पातळी मोजणे, काठाची दगडी बांधणी दुरुस्त करणे अशा कामांसाठी खात्याच्या माणसांना काठाने जाता यायला हवे होते. पुढे विसाव्या शतकात ऑस्ट्रियाने या नदीवर एकामागून एक दहा जलविद्युत्केंद्रे उभारली. त्यांपैकी सरहद्दीवरचे योखेनश्टाइन जर्मनीबरोबर सामाईक आहे. त्यांच्या बंधाऱ्यांमागे जे लांबच लांब बांध घातले गेले, त्यांवरही देखरेखीचे रस्ते आले.

आणि मग १९८० नंतरच्या दशकात कोणाला तरी सुचले की या ओढवाटांवर आणि बांधांवर सायकलींना येऊ द्यावे. खर्च झाला तो डांबराचा, पाट्यांचा आणि काही जोडरस्त्यांचा. जमीन मिळवावी लागली ती अगदी थोडी. वाटेवर ठिकठिकाणी पाटी दिसते. तिचा आशय असा की वाहनांस मनाई आहे, सायकलस्वार अपवाद, आणि वापर ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. ही पाटी मी उभा राहून दोनदा वाचली. आमच्या खात्यात एवढ्या अल्पाक्षरी आदेशाचा मसुदा मी पाहिलेला नाही. अपघात झाला तर जबाबदार कोण, या एका शंकेवर आपल्याकडे किती चांगले प्रस्ताव वर्षानुवर्षे झोपून राहतात हे या सभागृहातील माझ्या समव्यवसायी मित्रांना ठाऊक आहे!

असो. आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू.

पासाऊ येथे तीन नद्यांचा संगम आहे. डॅन्यूब, आल्प्समधून येणारी इन आणि उत्तरेच्या अरण्यातून येणारी काळसर पाण्याची इल्त्स. तिन्हींचे रंग काही अंतर वेगळे दिसतात. गंमत अशी की सरासरीने इनचे पाणी डॅन्यूबपेक्षा अधिक आहे, पण नाव चालते डॅन्यूबचे. नगरभवनाच्या मनोऱ्यावर जुन्या महापुरांच्या रेघा कोरल्या आहेत. २०१३ च्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेले. १५०१ नंतर एवढे ते कधी चढले नव्हते. नदीकाठची वाट म्हणजे नदीच्या मर्जीची वाट, हे तिथेच समजते.

काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत, त्यांचे आकडे पुढे जावे तसे घटत जातात. डॅन्यूबचे अंतर उगमापासून मोजत नाहीत, काळ्या समुद्राच्या मुखापासून मोजतात. पासाऊला २२२६ च्या आसपासचा आकडा दिसतो, व्हिएन्नाच्या मोठ्या पुलाशी १९२९. एवढ्या अंतरात नदी उतरते ती सव्वाशे ते दीडशे मीटर, म्हणजे किलोमीटरला जेमतेम अर्धा मीटर. वाऱ्याचा कलही बहुधा पश्चिमेकडूनच. माझ्या पत्नीने कॉलेज सोडल्यापासून सायकलीला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी ती पस्तीस किलोमीटर आली आणि मुक्कामी पोहोचल्यावर गुडघ्यांबद्दल नव्हे, जेवणाबद्दल बोलली.

दुसऱ्या दिवशी श्ल्योगेनचे वळण लागते. ग्रॅनाइटच्या डोंगराला अडून नदी तिथे एकदम उलटी फिरते आणि जवळजवळ आलेल्या दिशेला तोंड करून पुन्हा वळते. मोटारींचा मोठा रस्ता इथे कंटाळून नदीला सोडतो आणि डोंगर चढून जातो. डाव्या तीराला तर कडा थेट पाण्यात उतरलेला असल्यामुळे सायकलचीही वाट संपते. तिथून एक लहानशी नाव सायकलींसकट माणसांना नदीतूनच खाली नेऊन पुढच्या धक्क्यावर सोडते. पूर्वी जिथे घोडे होडीत चढवीत, तिथे आता सायकली चढवितात. त्या काही किलोमीटरांत मला जे ऐकू आले ते पाणी, पक्षी आणि माझ्याच सायकलीची साखळी. दिवसभर मागून येणाऱ्या भोंग्याकडे कान लावून चालण्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की ती सवय सुटली हे कळायलाही एक दिवस जावा लागतो.

आणि म्हणूनच या वाटेवर कोण भेटते ते पाहण्यासारखे आहे. अंगाला घट्ट कपडे चढवून वाऱ्यासारखे जाणारे तरुण थोडे. सत्तरीतली जोडपी, मागच्या छोट्या गाडीत तान्हे मूल बसवून निघालेले आईबाप, आणि पुढे पुढे एकटी पळणारी आठ-नऊ वर्षांची मुले पुष्कळ. आपल्यापैकी कोण आठ वर्षांच्या नातवाला आपल्या घरासमोरच्या रस्त्यावर सायकलने एकटे सोडील?

लिंझच्या खाली वाट सपाट शेतांतून माउथहाउझेनला जाते. गाव नीटनेटके, नदीकाठी रंगीत घरे. गावामागच्या टेकडीवर नाझी राजवटीची छळछावणी होती. १९३८ च्या ऑगस्टमध्ये तिथे पहिले कैदी आणले, आणि १९४५ च्या मे महिन्यात अमेरिकन सैन्याने ती मुक्त केली. या काळात सुमारे १,९०,००० माणसे तिथे व तिच्या उपछावण्यांत कोंडली गेली आणि त्यांतील किमान ९०,००० मेली. ग्रॅनाइटच्या खाणीतून दगड पाठीवर घेऊन कैद्यांना जो जिना चढावा लागे त्याला १८६ पायऱ्या आहेत. श्ल्योगेनला ज्या खडकाने नदी वळविली त्याच जातीचा हा खडक. चढ मोठा आहे म्हणून पुष्कळ सायकलस्वार खालूनच पुढे जातात. आम्ही सायकली खाली ठेवून पायी गेलो. त्या दिवशी पुढे फार बोलणे झाले नाही.

ग्राइनच्या अलीकडे-पलीकडे नदी पुन्हा डोंगरांत शिरते. इथले भोवरे नाविकांना काळासारखे वाटत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरुंग लावून खडक फोडले गेले, आणि १९५९ साली इब्स-पेर्झेनबोइगचे वीजकेंद्र पुरे झाल्यावर पाणी तुंबून भोवरे बुडाले. या भागात डाव्या तीराने जाणारा रस्ता मोटारींचा आहे आणि त्यांचा आवाज सोबतीला असतो. सायकलीने जाणाऱ्याने उजवा तीर धरावा, हे मी आवर्जून सांगतो.

मेल्क ते क्रेम्स या वाखाऊच्या खोऱ्याविषयी थोडक्यात. मेल्कचा मठ १०८९ पासूनचा, आजची भव्य इमारत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. डोंगरउतारावर दगडी बांधांचे द्राक्षमळे आणि खाली जर्दाळूच्या बागा. डुर्नश्टाइनच्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. पोस्टकार्डांवर सगळ्यांत अधिक हेच खोरे असते, आणि गर्दीही इथेच अधिक.

आपण नर्मदाकाठी राहणारी माणसे. आपल्याला नदीकाठाने चालणे नवे नाही. परिक्रमेची वाट ओढवाटेहून कितीतरी जुनी आहे. आपल्या परिक्रमेत नदी ओलांडणे निषिद्ध, तिकडे आम्ही दिवसातून दोनदा ओलांडली, एवढा फरक मी देवाला कळवून ठेवला आहे. पण दुसरा एक फरक मनात राहिला. परिक्रमेच्या वाटेला श्रद्धेचा आधार होता, मालकीचा कागद नव्हता. बरगीचा जलाशय भरला तेव्हा तिच्यातली कैक ठिकाणे पाण्याखाली गेली, आणि परिक्रमावासींना आज कित्येक टप्पे डांबरी हमरस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या धुरातून चालावे लागतात. डॅन्यूबवरही बंधारे आले, पाणी तिथेही चढले. पण नव्या बांधावर नवी वाट राहिली, कारण काठावरून जाण्याची गरज एका खात्याच्या दप्तरात नोंदलेली होती. धरणाच्या नकाशात पायवाटेसाठी एक रेघ ओढायला फार पैसा लागत नाही. ती ओढायची असे कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

त्या देशातही सगळे आपोआप झाले असे नाही. तुल्नच्या अलीकडे वाट त्स्वेंटेनडोर्फच्या अणुवीजकेंद्राजवळून जाते. ते बांधून तयार होते, पण १९७८ च्या नोव्हेंबरातील सार्वमतात अगदी निसटत्या बहुमताने लोकांनी नकार दिला आणि ते कधीच चालू झाले नाही. व्हिएन्नाच्या खाली हाइनबुर्गला आणखी एक जलविद्युत्केंद्र व्हायचे होते. १९८४ च्या डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे नदीकाठच्या जंगलात तळ देऊन बसली आणि झाडे तोडू दिली नाहीत. १९९६ साली ते जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. आज सायकलची वाट त्या जंगलातून पूरबांधावरून सरळ रेघेत जाते, आणि पुढे स्लोव्हाकियाची सरहद्द लागते. १९८९ पर्यंत तिथे काटेरी तारांचे कुंपण होते.

आम्ही व्हिएन्नातच थांबलो. पासाऊला भाड्याने घेतलेल्या सायकली तिथे परत करता येतात, आणि सामान रोज पुढच्या मुक्कामी पोहोचविण्याची सोयही आहे. मे अखेर ते सप्टेंबर हा काळ चांगला. जुलैमध्ये जर्दाळू पिकतात. मोठा नकाशा मी बरोबर आणला आहे, तो मागच्या टेबलावर पसरून ठेवतो. खर्चाचा आणि मुक्कामांचा तपशील ज्यांना हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी तिथे यावे.