सूचनेचा चौरस
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)





शाळेची सूचना मोबाईलवर पाठवायची असेल तर तिचे चित्र चौरस असावे, एवढाच माझा आजचा विषय आहे. विषय लहान वाटेल. परंतु त्यावर मुलांचे हित अवलंबून असते. इयत्ता आठवीसाठी एन.एम.एम.एस. ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. अशा परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख जुन्या नाशकातील किंवा वडाळ्यातील पालकांच्या नजरेस पडली नाही, तर दोष कोणाचाही असो, नुकसान मुलीचेच होते.

आपण काय करतो? ए-फोर कागदावरील सूचनेचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो. हा कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. असे उभे चित्र गटात पुष्कळदा वरून व खालून कापलेले दिसते. पूर्ण पाहण्यास ते उघडावे लागते. समजा, मधला चौरस तेवढाच दिसला. २९७ मधून २१० वजा केले की ८७ उरतात. म्हणजे वरचे व खालचे साडेत्रेचाळीस-साडेत्रेचाळीस मिलिमीटर गेले. वर असते संस्थेचे नाव आणि खाली असते शेवटची तारीख! दिवसभर काम करून थकलेला बाप प्रत्येक चित्र उघडून पाहीलच असे नाही.

चौरस चित्र आपल्याला नवे नाही. घरातील जुने अल्बम उघडून पाहा. १२० नंबरच्या फिल्मवर बारा चौरस फोटो निघत. आग्फा क्लिक कॅमेऱ्याचे फोटो असेच असत. पुढे २०१० साली इन्स्टाग्राम निघाले, तेव्हा त्यावरही केवळ चौरस चित्रे चालत. २०१५ मध्ये इतर आकारांना मुभा मिळाली, आणि २०२५ पासून तेथील प्रोफाईलच्या पानावर उभ्या चौकटी आल्या. तात्पर्य, चौकटी बदलत राहतात. म्हणून महत्त्वाचा मजकूर नेहमी मध्यभागी ठेवावा, हे सूत्र कायम लक्षात ठेवावे.

आता करावयाचे काय ते सांगतो. चित्र १०८० बाय १०८० पिक्सेलचे घ्यावे. पिक्सेल म्हणजे चित्राचे बारीक ठिपके. डाव्या-उजव्या कडेला प्रत्येकी १३५ पिक्सेल जागा मोकळी सोडावी, म्हणजे तीनास चार प्रमाणाच्या उभ्या चौकटीतही मजकूर तुटणार नाही. काय आहे, कोणासाठी आहे, शेवटची तारीख कोणती आणि चौकशी कोठे करावी, ही चारच उत्तरे लिहावीत. तारीख मोठ्या अक्षरात व मधोमध असावी. नियमांचा पूर्ण कागद त्यासोबत वेगळा पाठवावा.

मराठी आणि उर्दू एकाच चौरसात कोंबू नये. नस्तालीक अक्षरे तिरकी उतरतात, त्यांना ओळीत अधिक उंची लागते. जागा आखूड पडली की नुक्ते एकमेकांत मिसळतात. दोन भाषांचे दोन चौरस करावेत, म्हणजे आजीसुद्धा आपल्या नातीला सूचना वाचून दाखवील.

संस्थेचे बोधचिन्ह प्रोफाईलला लावताना भूमितीची आठवण ठेवा. तेथे चौरसातील वर्तुळच दिसते. चौरसाच्या आत बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ चौरसाच्या सुमारे ७८.५ टक्के असते. चार कोपऱ्यांतील साडेएकवीस टक्के भाग गळतो. म्हणून कोपऱ्यात नाव लिहू नये.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुम्ही आमच्याहून लवकर शिकाल. वर्गातील दोघा-तिघांनी ते अंगावर घ्यावे. सूचना तयार झाली की प्रथम एका साध्या, लहान मोबाईलवर ती न उघडता पाहावी. तारीख वाचता आली, तरच ती पुढे पाठवावी.

माहिती वेळेवर पोहोचविणे हीसुद्धा शिक्षणाची सेवाच आहे. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!