दफनभूमीतला नळ

फ्रान्सच्या खेड्यांतून खडीमातीच्या वाटेने सायकल चालवायची, तर ‘कनाल द्यु मिदी’ हा कालवा धरावा. तुलूजपासून सेतपर्यंत २४० किलोमीटर. १६८१ साली तो पुरा झाला आणि खोदणाऱ्या हजारो मजुरांत बायकाही होत्या. (हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं!) तुलूजपासून पन्नासेक किलोमीटर डांबरी वाट, पुढे बराचसा कच्चा काठ, चिनाराच्या कुळातल्या झाडांची वर आलेली मुळं. टायर रुंदच हवेत. सावलीचा भरवसा धरू नका. रोगामुळे २००६ पासून हजारो झाडं तोडावी लागली.

खरा प्रश्न पाण्याचा. दुपारी खेड्यांतली दुकानं बंद असतात. अशा वेळी गावची दफनभूमी शोधायची. फुलझाडांसाठी तिथे बहुधा नळ असतो. ‘नों पोताब्ल’ पाटी असेल, तर ते पाणी पिऊ नये.

आमच्या नळावर ‘पोताब्ल’ लिहिलं होतं. तरी एक जण अडून बसली, “स्मशानातलं पाणी? मी नाही पिणार!” ओठ सुकलेले, पुढचं गाव लांब. तेवढ्यात फुलं घेऊन एक आजी आल्या. झारी भरली, ओंजळभर स्वतः प्यायल्या आणि आमच्यासाठी नळ तसाच चालू ठेवला. मग तिनेही बाटली पुढे केली.