मॉरिशसमधले आमचे दोन महिने

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘परदेश प्रवास’ हा विषय दिलाय. खरं सांगायचं तर प्रवास असा मी फारसा केलेला नाही. एकाच बेटावर पाच वेळा जाऊन राहिलोय, एवढंच. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त मॉरिशसला असतात. दिवाळी आटोपली की किल्ली शेजारी देऊन आम्ही दोघं निघतो, ते जानेवारी उजाडला की परत. हल्ली वॉचमनच विचारतो, “काका, यंदा कधी?”

हेच दोन महिने का? तर एप्रिल-मेमध्ये आंबा सोडून जाणं शक्य नाही, गणपतीत घर बंद ठेवणं शक्य नाही आणि शिमग्याला पालखी. उरलं काय? शिवाय ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून तेव्हा तिथे उन्हाळा. आपला मे महिन्यातला गुलमोहर तिथे डिसेंबरात फुलतो. लिची येते, आंबाही येतो. त्या आंब्याबद्दल मी बोलणार नाही; ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना नावं ठेवू नयेत.

बेट सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या साधारण पाव भाग. टूरवाले ते आठवड्यात दाखवतात. मग दोन महिने करायचं काय, असं लोक विचारतात. माझ्या मते आठवडा संपला की खरी मजा सुरू होते. बघायचं काही उरत नाही, त्यामुळे राहायला लागतो. सकाळी फिरायला निघालो की समोरचा हात वर करून “की मान्येर?” म्हणतो. ही तिथली क्रिओल भाषा. अर्थ, ‘कसं काय?’ भाजीवाली आमच्या सौ.ला कोथिंबीर वरून घालते. मी दालपुरीच्या गाडीवर उभा राहतो. दालपुरी म्हणजे पुरणपोळीची सावत्र बहीण समजा. आत पिवळी डाळ, पण गूळ नाही. वर वालासारख्या मोठ्या दाण्यांचा रस्सा आणि झणझणीत चटणी. मिळते जोडीनेच, एक मागितली तर गाडीवाला आजारी आहात का असं बघतो.

आणि समुद्र! आपण मांडवीवर उभं राहून समुद्र बघतो, पोरांना आत जाऊ देत नाही. तिथे किनाऱ्यापासून लांब प्रवाळाची रांग आहे, लाटा तिथेच फुटतात. आतलं पाणी तळ्यासारखं. जन्म समुद्राकाठी गेला, पण कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास निवांत उभा राहिलो तो पंच्याहत्तरीच्या आसपास, फ्लिक-आँ-फ्लाकला. रविवारी तिथे सगळी कुटुंबं पातेली घेऊन सुरूच्या झाडांखाली येतात. भाट्याच्या सुरूबनात बसल्यासारखंच वाटतं.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी नोट आधी उलटीसुलटी करून बघतो. तिथल्या नोटेवर इंग्रजीबरोबर तमीळ आणि देवनागरी अक्षरं आहेत. १९९८ साली नव्या नोटांवर तमीळ आणि देवनागरीचा क्रम बदलला गेला, तर एवढा गदारोळ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. आपल्याकडे पार्किंगवरून होतं तसंच.

त्या अक्षरांमागे इतिहास आहे. उसाच्या मळ्यांसाठी २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून हिंदुस्थानातले मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि पुढे कित्येक वर्षं जहाजं येत राहिली. ते उतरत तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा यादीत आहे, २००६ पासून. त्याच्या सोळा पायऱ्या मी हळूहळू चढलो. या मजुरांत आपले लोक होते. रत्नागिरीचे, सावंतवाडीचे. त्यांची पतवंडं आज घरात क्रिओल बोलतात, पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. शेजाऱ्यांनी मला त्यांच्या गणपतीचा व्हिडिओ दाखवला. बघतो तर काय, जाखडी! ते ‘झाकरी’ म्हणतात. फेर धरून, पायांचा ठेका तोच.

हे शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी त्यांनी मला एक कागद दाखवला. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांची जुनी रजिस्टरं जपून ठेवली आहेत. त्यातला, त्यांच्या पणजोबांच्या नोंदीचा उतारा. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जहाज, जिल्हा, गाव. मी आयुष्यभर खाती उघडली, पण असं खातं पाहिलं नव्हतं. पाच वर्षांच्या करारावर गेलेला माणूस, परत आलाच नाही. जिल्हा रत्नागिरी, हे स्पष्ट आहे. गावाचं नाव मात्र कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलंय. वाचलं तर ‘कोलुम्बे’.

“हे गाव आहे का अजून?” त्यांनी विचारलं. मी पीककर्जाच्या निमित्ताने जिल्हा पालथा घातलेला, म्हटलं आहे की! इथे येऊन कागद काढला तेव्हा लक्षात आलं, एक कोळंबे आपल्या तालुक्यात, दुसरं संगमेश्वरात. शिवाय मालवणजवळ कोळंब. मालवण आज सिंधुदुर्गात असलं तरी १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होतं, म्हणजे तेही धरावंच लागतं. पहिल्या दोन्ही गावांत मी जाऊन आलो. चहा मिळाला, माणसं भली, पण पाच-सहा पिढ्यांमागचं कोणाला काय ठाऊक? त्यांच्या आडनावाची घरं एका ठिकाणी आहेत, दुसऱ्या ठिकाणी पूर्वी होती म्हणतात. मालवणला अजून जायचंय.

घाई एवढ्यासाठी की ते येत्या शिमग्याला येताहेत. गुडघे दुखतात, डॉक्टरांनी एकदाच जा म्हणून सांगितलंय. तिन्ही गावं मी त्यांना दाखवीन, गाडी ठरवून ठेवलीय. पण पणजोबांच्या गावची पालखी खांद्यावर घ्यायची असं त्यांच्या मनात आहे, आणि ती तीन गावांची कशी घेणार?

म्हणून हे सगळं सांगितलं. आपल्यापैकी कोणाचं माहेर, आजोळ, सासुरवाडी या तीन गावांत असेल, घरात जुनी वंशावळ, खोताच्या वेळचे कागद असतील, किंवा ‘आमच्यातला एक जण मिरच देशी गेला’ असं कोणी म्हातारं माणूस बोलल्याचं आठवत असेल, तर आज जेवणाच्या पंगतीत मला गाठा. उताऱ्याची झेरॉक्स माझ्या खिशातच आहे.