झेब्रा मासा आणि मेंदूंतील पेशींचें रोपण

वाफ्यांतलें रोप सुकलें तर त्या जागीं दुसरें लावतां येतें. मेंदूंतील मृत पेशींच्या जागीं नव्या पेशी तशाच लावतां येतील काय? स्वीडनमधील लुंड येथें १९८७ सालीं कंपवाताच्या रोग्यांवर हा प्रयत्न सुरू झाला. गर्भांतून घेतलेल्या मज्जापेशी त्यांच्या मेंदूंत सोडण्यांत आल्या. पुढें कांहीं रोग्यांना गुण आला. परंतु २००१ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या ४० रोग्यांच्या चाचणींत वृद्धांस लाभ दिसला नाहीं, आणि कांहींना आवरतां न येणाऱ्या हालचाली जडल्या. कवटीआड गेलेल्या पेशी कोठें रुजल्या व काय करूं लागल्या, हें प्रत्यक्ष पाहण्याची सोय नव्हती.

ती सोय एका इवल्याशा माशांत आहे. झेब्रा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रदेशांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं त्याचें वर्णन केलें. लांबी सुमारें ४ सेंटिमीटर, अंगावर निळे पट्टे. त्याचा गर्भ आईच्या शरीराबाहेर वाढतो व काचेसारखा स्वच्छ असतो. मोठेपणींहि पारदर्शक राहणारा वाण २००८ सालीं बोस्टन येथें तयार झाला. रोपलेल्या पेशींवर चमकणाऱ्या प्रथिनाची खूण केली, म्हणजे जिवंत माशांत त्यांचा प्रवास सूक्ष्मदर्शकाखालीं दिसतो.

मेंदूंत झाडलोट करणाऱ्या मायक्रोग्लिया नांवाच्या पेशी असतात. त्यांच्या वाढीस लागणारें एक जनुक बिघडलें तर माणसाच्या मेंदूचा पांढरा भाग प्रौढपणीं झिजूं लागतो. तसाच बिघाड असलेले मासेहि आहेत. निरोगी माशाच्या रक्तजनक पेशी, ज्या हाडांत नसून मूत्रपिंडांत असतात, त्यांच्यांत सोडून रिकामी जागा भरते काय, हें पाहतां येतें.

मात्र येथेंच खरी मेख आहे. हा मासा आपल्या मेंदूची जखम स्वतःच भरून काढतो. जखमेचा दाहच नव्या मज्जापेशींच्या उत्पत्तीस चालना देतो, असें ड्रेस्डेन येथील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें. माणसाच्या मेंदूस ही शक्ति जवळजवळ नाहीं. मग मासा बरा झाला, तर श्रेय रोपणाचें कीं माशाच्या अंगच्या गुणाचें? यासाठीं रोपण न केलेले मासे शेजारीं ठेवून ताडून पाहावें लागतें, आणि खूण केलेली पेशी केवळ पोहोंचली कीं कामास लागली, हें तपासावें लागतें. ही कसोटी टळली, तर माशाचें आरोग्य हें रोग्याच्या घरीं खोटी आशा होऊन पोहोंचेल.