दूरची अलकनंदा

प्रवरेच्या काठीं वसलेल्या अकोल्याच्या आकाशांत, कार्तिकांतील निरभ्र अंधाऱ्या रात्रीं, देवयानी तारकासमूहापाशीं एक फिकट अभ्रकासारखा ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका होय. तिच्या प्रकाशास येथवर पोंचण्यास सुमारें २५ लक्ष वर्षें लागतात. नुसत्या डोळ्यांची धांव बहुधा येथेंच संपते.

तिच्याहून कितीतरी पलीकडची वार्ता इ. स. २०२५ च्या नोव्हेंबरांत पुण्याहून आली. तेथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील राशी जैन व योगेश वाडदेकर या संशोधकांना, जेम्स वेब या अवकाशस्थ दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका आढळली. तिच्या वाटेंत आबेल २७४४ हा दीर्घिकांचा समूह आहे. त्याचें गुरुत्वाकर्षण भिंगासारखें काम करतें. त्यामुळें ती सुमारें दुप्पट उजळ दिसते.

मध्यें तेजस्वी गाभा व त्याभोंवतीं वळलेले दोन रेखीव फांटे, असें तिचें रूप आहे. रुंदी सुमारें ३०,००० प्रकाशवर्षें. तिच्यांतील ताऱ्यांचें एकूण वस्तुमान सुमारें १,००० कोटी सूर्यांइतकें. तींत दरवर्षीं सुमारें ६० सूर्यांच्या वस्तुमानाचे नवे तारे घडत होते. आपल्या आकाशगंगेच्या वीसपटींहूनही हा वेग अधिक.

‘होते’ म्हणावयाचें कारण असें कीं, हा प्रकाश सुमारें १,२०० कोटी वर्षांपूर्वीं निघाला. त्याची निम्म्याहून अधिक वाट सरल्यावर सूर्य व पृथ्वी जन्मास आलीं. आणि रतनगडाचा काळा पाषाण थिजला तो अगदीं शेवटच्या टप्प्यांत, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं.

त्या वेळीं विश्वाचें वय अवघें १५० कोटी वर्षें होतें. इतक्या बाल्यावस्थेंत दीर्घिका ओबडधोबड व विस्कळितच असावयाच्या. वायूची तबकडी स्थिरावून तींत असे फांटे उमटण्यास फार दीर्घ काळ लागतो, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. या एका छायाचित्रानें ती पुन्हां तपासणें भाग पडलें आहे. थंड वायूच्या संथ ओघानें हे फांटे घडले, कीं एखाद्या लहान शेजारणीच्या ओढीनें, हें तेथील वायूची गति मोजल्यावांचून ठरणार नाहीं.

संशोधकांनीं तिला अलकनंदा हें हिमालयांतील नदीचें नांव दिलें. कारण मंदाकिनी ही तिची भगिनी, आणि मंदाकिनी हें आपल्या आकाशगंगेचेंही नांव. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा व हरिश्चंद्रगडावरची मुळा या दोघी एकाच तालुक्याच्या लेकी. अकोलेकरांना हें नातें निराळें समजावून सांगावयास नको.